प्लेटलेट कमी म्हणजे दरवेळी डेंग्यूच असं नाही
ताई, तुम्ही विचारलंत ना की ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर ओळखायचा कसा, तर आमच्या देवगडकडचं सांगते. मामेभावाच्या ६ वर्षांच्या मुलाला ऐन श्रावणात ताप आला, प्लेटलेट कमी आल्या, सगळे म्हणाले डेंग्यू, आणि पावसात आमच्याकडे लेप्टो नाहीतर डेंग्यू हेच आधी डोक्यात येतं. पण डेंग्यूत प्लेटलेट साधारण आठवडा-दहा दिवसांत परत चढतात, याच्या चढेचनात, हिमोग्लोबिनपण घसरत गेलं, पायांवर काही न लागता काळेनिळे डाग, आणि रात्री हाडं दुखतात म्हणून रडायचा बिचारा. शेवटी एका डॉक्टरांनी रक्ताचा स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, मायक्रोस्कोपखाली बघितला, त्यात ब्लास्ट म्हणजे कच्च्या पेशी दिसल्या, मग मुंबईला बोन मॅरोची, म्हणजे हाडांतल्या मगजाची तपासणी. निघाला एएलएल, म्हणजे ल्युकेमियाचा लहान मुलांत जास्त दिसणारा प्रकार, आणि यातली बहुतेक मुलं उपचारांनी बरी होतात हे मुद्दाम सांगते, घाबरू नका. मोठ्यांमधला सीएमएल हा ल्युकेमियाचा प्रकार वेगळा, हळू वाढतो, कधी कधी साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या तपासणीत, पांढऱ्या पेशी भरमसाठ आल्या की तेव्हाच कळतं, त्याला २००१ पासून इमॅटिनिब या औषधाची गोळी आहे. एएमएल हा आणखी एक प्रकार मात्र झपाट्याने वाढतो. ताप उतरूनही सीबीसी सुधारत नसेल तर डॉक्टरांना स्मिअरबद्दल विचाराच.