मदत हवी आहे: शाळा आधीच तुडुंब भरलेली, तरी फ्रेंच इमर्शनला घालावं का? (मिल्टन, कॅनडा)

नमस्कार मंडळी, इथे टोरंटोच्या आजूबाजूचे बरेच आईबाबा आहेत म्हणून विचारतेय. पोस्ट लांब झालीय पण प्लीज पूर्ण वाचा, फॉर्म भरायला महिनाअखेरपर्यंतच वेळ आहे आणि आमच्याकडे रोज रात्री जेवताना हाच विषय.

आम्ही दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलो, मिल्टनला राहतो, लेक पहिलीत आहे. आमच्या बोर्डात (म्हणजे या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळात) इमर्शन दुसरीपासून सुरू होतं आणि नंतर मध्येच सहसा घेत नाहीत, त्यामुळे काय ते आत्ताच ठरवायचंय. शेजारच्या ब्रॅम्प्टन शहरातल्या मैत्रिणीच्या बोर्डात पहिलीपासून आहे आणि तिथे जागा कमी म्हणून लॉटरी निघाली होती, तेव्हा तुम्हाला तर चॉइस आहे असं ती म्हणते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इमर्शन म्हणजे फ्रेंच हा एक विषय नाही, इतर विषयसुद्धा फ्रेंचमधून शिकायचे. आमच्या ऑन्टारिओ प्रांतात आठवी संपेपर्यंत किमान ३८०० तास फ्रेंचमधून व्हावे लागतात. ते घेतलं नाही तरी चौथीपासून साधं कोअर फ्रेंच, म्हणजे एक विषय म्हणून फ्रेंच, सगळ्यांना असतंच, पण त्याचे आठवीपर्यंत मिळून ६०० तास. हा फरक बघितला की वाटतं घालावंच.

अडतंय ते शाळेपाशी. घराजवळची शाळा चालत सात मिनिटांवर, तिथे फक्त इंग्लिश. इमर्शनवाली लांब, बसने जायचं, आणि ती आधीच इतकी भरलीय की मागच्या मैदानात पोर्टेबलच्या, म्हणजे इमारतीबाहेर ठेवलेल्या तात्पुरत्या वर्गखोल्यांच्या, रांगा लागल्यात. मिल्टन कसं वाढलंय ते इथल्यांना माहीतच आहे, २००१ च्या जनगणनेत साडेएकतीस हजार लोक होते, २०२१ ला १ लाख ३३ हजार, शाळा त्या वेगाने कुठून बांधणार. आमच्या घराच्या ॲग्रीमेंटमध्येच एक ओळ होती की या भागातल्या मुलांना पोर्टेबलमध्ये बसवलं जाईल किंवा बाहेरच्या शाळेत पाठवलं जाईल. तेव्हा घाईत सही करून मोकळे झालो, आता ती ओळ रोज आठवते.

मागच्या आठवड्यात त्या शाळेत माहितीची मीटिंग होती, ती झाल्यावर आम्ही एक पोर्टेबल आतून बघून आलो. लाकडी पायऱ्या, त्यावर बर्फ आणि मीठ, दाराशी बुटांचा ढीग, आणि हीटर सुरू झाला की एवढा आवाज की बाईंना बोलताना आवाज चढवावा लागत होता. मला पहिला विचार हाच आला की नवी भाषा कानाने शिकायची आहे आणि हिला मागच्या बाकावर ऐकू तरी येईल का? बाथरूमला जायचं तर जॅकेट घालून जोडीने मुख्य इमारतीत. बाकी वर्ग अगदी छान सजवलेला होता, भिंतभर चित्रं आणि फ्रेंच शब्द, बाई मनापासून करतायत हे दिसतं, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

वर्गात मुलं किती असतात असं मी विचारलं तर कळलं की तिसरीपर्यंत बहुतेक वर्ग २० च्या आत, फार तर २३. म्हणजे वर्गात गर्दी नाहीच, गर्दी आहे ती जिममध्ये, लायब्ररीत, डबा खाताना आणि बसच्या रांगेत. चौथीपासून मात्र तशी मर्यादा नाही, बोर्डाची सरासरी बघतात. शिवाय फ्रेंच शिकवणारे शिक्षक मिळत नाहीत हे ऑन्टारिओभर चाललंय. तिथे भेटलेल्या एका ताईंच्या मुलाच्या वर्गावर एका वर्षात तिसऱ्या टीचर आल्या आणि मधल्या ज्या होत्या त्यांना फ्रेंच जेमतेमच येत होतं म्हणे. हे ऐकल्यापासून मी जास्त बिथरलेय.

मीटिंगमध्ये असंही सांगितलं की हा प्रकार १९६५ साली मॉन्ट्रियलजवळ सेंट लॅम्बर्टला इंग्लिश बोलणाऱ्या आईबाबांनी मागे लागून सुरू करवला, म्हणजे ज्यांच्या घरी फ्रेंच नाही त्यांच्यासाठीच आहे, तुम्ही काळजी करू नका. पण त्या मुलांच्या घरी इंग्लिश होतं ना! आमच्या घरी मराठी आहे. लेकीचं इंग्लिश शाळेतूनच येतंय, आत्ता कुठे ती मैत्रिणींशी भांडण्याइतकं बोलायला लागलीय, आणि तेवढ्यात दिवसभर फ्रेंच. शेजारच्या मुलाचं वाचनाचं पुस्तक बघितलं, त्यात पक्ष्याचं चित्र आणि खाली ओ आय एस ई ए यू. मी ओइसो का काय वाचलं, तो सात वर्षांचा मुलगा म्हणाला आंटी, ते वाझो आहे. उद्या हिला अडलं तर मी काय सांगणार?

आणि माझं स्वतःचं एक आहे. मी मराठी माध्यमातली, आठवीत सेमीला गेले. लंब, काटकोन सगळं पाठ होतं पण फळ्यावर पर्पेंडिक्युलर आलं की गप्प बसायचे, विचारायची लाज वाटायची, दिवाळीपर्यंत गणिताच्या तासाला पोटात गोळा यायचा. पुढे जमलं, चांगलं जमलं, पण ती गप्प बसलेली मी लेकीत दिसते. नवरा म्हणतो तू तेरा वर्षांची होतीस, ही सहाची आहे, आणि सगळा वर्गच शून्यातून सुरू करणार, एकटी मागे पडणार नाही. ते पटतं पण पूर्ण नाही. सांगलीहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, अगं फ्रेंच शिकू दे, पण माझ्याशी बोलायला काय ठेवशील तिच्याकडे? त्यावर मला खरंच उत्तर देता आलं नाही.

तर ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी सांगा, घरी मराठी असताना इंग्लिश वाचायला किती उशीर झाला आणि तो कधी भरून निघाला? गणित कुठल्या भाषेत हे बोर्डाबोर्डाप्रमाणे बदलतं, तुमचं फ्रेंचमधून झालं असेल तर घरी कसं घेतलंत? कोणी मधूनच काढून इंग्लिशला परत घातलं असेल तर मुलाने ते कसं घेतलं?

अपडेट: सगळ्यांना मनापासून थँक्यू, एवढ्या सविस्तर लिहाल असं वाटलं नव्हतं. दोघीतिघींनी सुचवल्याप्रमाणे शाळेला मेल टाकलीय, पुढच्या वर्षी दुसरीच्या वर्गावर कायम शिक्षक आहेत का आणि दुसरीचा वर्ग पोर्टेबलमध्ये की आत, एवढं दोनच विचारलंय. शिक्षक कायम असतील तर पोर्टेबल सोसू, नसतील तर सात मिनिटांवरची शाळाच बरी, इथवर आमचं दोघांचं एकमत झालंय. आईबाबांना फ्रेंच येत नसलं तरी चालतं, रोज मुलाकडूनच मोठ्याने वाचून घ्या आणि आपण मराठीतून गोष्ट विचारा, हे ज्यांनी लिहिलं त्यांचे खास आभार, शेजारच्या मुलाचंच पुस्तक आणून काल करून बघितलं, लेकीने वाझोची गोष्ट चित्रं बघून मराठीत सांगितली.

मराठीबद्दल मात्र कोणीच लिहिलं नाही. ज्यांची मुलं आता सातवी-आठवीत आहेत, ती आजीशी अजून मराठीत बोलतात का, शनिवारची मराठी शाळा या सगळ्यात टिकली का, तेवढं लिहा प्लीज.