जाळीच्या विणीची शाल : आपले अनुभव लिहा

स्वेटर, कानटोपी आणि मफलर यांविषयी विणणाऱ्यांमध्ये पुष्कळ बोलणे होते. जाळीच्या शालीचे मात्र कौतुक होते आणि ती कपाटात जाते. म्हणून येथे नमुन्यांपेक्षा वापराचे अनुभव हवे आहेत. दोन सुयांवर विणलेली जाळीची शाल, स्टोल किंवा अंगात घालायचा कपडा आपण कोणासाठी विणला, कोणत्या लोकरीत किंवा सुतात विणला, आणि ज्या व्यक्तीसाठी विणला तिने तो खरोखर वापरला का, हे कृपया सविस्तर लिहावे. क्रोशाचे काम तूर्त बाजूला ठेवू या.

ठाणे

आमच्याकडे बाळंतविड्यात कुंची, टोपडे, झबली आणि मोजे असत. जाळीची शाल त्यात आली ती नातीच्या वेळी. बाळासाठी वीण निवडताना आधी त्याच्या बोटांचा विचार करावा लागतो, कारण भोके मोठी असली की इवलेसे बोट त्यात अडकते. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरची ‘ओल्ड शेल’ ही लाटांची वीण मला यासाठी सर्वांत सोयीची वाटते. अठरा टाक्यांचा हा नमुना चार ओळींत पुरा होतो आणि त्यांपैकी एकाच ओळीत डोके चालवावे लागते : तीन वेळा दोन टाक्यांचा एक, मग सहा वेळा लोकर पुढे घेऊन एक सुलट, आणि पुन्हा तीन वेळा दोन टाक्यांचा एक. सहा टाके कमी झाले, सहा जाळीने वाढले, हिशेब तिथल्या तिथे मिटला. त्यामुळे मालिका बघताबघताही विणता येते. मी 3 प्लाय म्हणजे तीन पदरी बेबी लोकर आणि 8 नंबरच्या सुया घेतल्या. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते आणि जाळीला सुई नेहमीपेक्षा जाड लागते, हे नवीन विणणारांनी ध्यानात ठेवावे. लोकर मुद्दाम मशिनमध्ये धुता येईल अशी अ‍ॅक्रिलिकचीच घेतली, कारण हाताने धुवावी लागणारी वस्तू नोकरी करणाऱ्या सुनेच्या गळ्यात मारणे मला पटत नाही. नात शाळेत जाऊ लागली तरी गाडीत झोपताना तिला तीच शाल लागते.

अ‍ॅबर्डीन, स्कॉटलंड

ठाण्याच्या काकूंनी शेटलंडचा विषय काढला म्हणून लिहिते. आमच्या गावाहून संध्याकाळी निघालेली बोट सकाळी शेटलंडमधल्या लरविकला पोहोचते. तेथील संग्रहालयातली जुनी जाळीकामे पाहिल्यावर मी काही काळ स्वतःच्या सुयांना हात लावला नव्हता. अंगठीतून जाणारी शाल म्हटले की आपल्याला शाहतूश आठवते. पण ती चिरू या तिबेटी हरणाच्या लोकरीची, मागावर विणलेली असते आणि भारतात तिच्या व्यापारावर बंदी आहे. शेटलंडची शाल सुयांवरची असते. मेंढीच्या मानेजवळची सर्वांत मऊ लोकर न कापता हाताने उपटून घ्यायची, ती अतिशय बारीक कातायची आणि मग विणायची, अशी तिची रीत. उन्स्ट हे तेथील अगदी उत्तरेचे बेट या कामासाठी विशेष प्रसिद्ध आहे.

या सौंदर्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एकोणिसाव्या शतकात तेथील व्यापारी विणणाऱ्या बायकांना शालीचे मोल रोख न देता चहा, कापड अशा मालाच्या रूपाने देत. 1872 साली याची सरकारी चौकशी झाली आणि त्या बायकांच्या जबान्या अहवालात नोंदल्या गेल्या. ‘एवढे छान विणतेस तर विकत का नाहीस?’ असे मला कोणी विचारले की या जबान्या आठवतात. बारीक जाळीला लागणाऱ्या वेळेचे दाम आजही कोणी देत नाही, तेव्हा मी फक्त घरच्यांसाठी विणते.

कोल्हापूरला सासूबाईंसाठी 2 प्लाय शेटलंड लोकरीचा स्टोल विणला. सुयांवरून उतरला तेव्हा तो चुरगळलेल्या बोळ्यासारखा दिसत होता. जाळीचे असेच असते, ती पाण्यातून काढून ताणल्यावरच उलगडते. कोमट पाण्यात बराच वेळ भिजवून, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपून घेतले आणि रिकाम्या गादीवर काठाचे एकेक टोक ओढून टाचणी लावली. सुकल्यावर लांबी चांगलीच वाढली आणि प्रत्येक भोक उघडले. सासूबाई कार्तिकात काकड आरतीला तोच घेऊन जातात. ऊब भरपूर आणि ओझे नाही, हे त्यांचे मत. उन्हाळ्यात कसर लागू नये म्हणून तो धुऊन, पूर्ण वाळवून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवतात.

नाशिक

मी निवृत्त गणित शिक्षक. घरात सत्कारात मिळालेल्या शालींची चळत आहे आणि तिच्यातली एकही कोणी पांघरत नाही, हे आधी सांगून टाकतो. विणायला पत्नीने शिकवले. गोल शालीकडे वळलो तो एलिझाबेथ झिमरमन या अमेरिकेतल्या विणकर्तीच्या युक्तीमुळे. वर्तुळाची त्रिज्या दुप्पट झाली की परीघही दुप्पट होतो, एवढ्या एकाच गोष्टीवर तिची शाल उभी आहे. मध्यभागी 9 टाके घालून सुरुवात करायची, लगेच 18 करायचे, आणि पुढे 3, 6, 12, 24 अशा दुपटीने लांबत जाणाऱ्या ओळींनंतर टाके दुप्पट करायचे. मधल्या पट्ट्यांत हवी ती जाळी घालावी. टाकेही दुप्पट आणि ओळीही दुप्पट, म्हणजे प्रत्येक पट्ट्याचे काम आधीच्या चौपट होते. 144 टाक्यांच्या 24 ओळी म्हणजे 3,456 टाके, तर 288 टाक्यांच्या 48 ओळी म्हणजे 13,824. पत्नीने हा हिशेब वाचून ‘इथेच बंद करा’ असे सांगितले. मी तिथेच टाके बंद केले. ती शाल डिसेंबरात पहाटे फिरायला जाताना तिच्या खांद्यावर असते.

बंगळूर

शाल नाही, सुती जाळीचा बिनबाह्यांचा टॉप, स्वतःसाठी. सूत लोकरीसारखे परत आखडत नाही आणि स्वतःच्या वजनाने लोंबते, म्हणून नमुन्याचा तुकडा विणून, धुऊन, चिमट्यांनी टांगून वाळवावा आणि मगच मापे घ्यावीत. लडी एकदमच घ्याव्यात. दुकानदाराने दिलेल्या नंतरच्या लडीचा लॉट, म्हणजे रंगवण्याचा घाणा, वेगळा निघाला आणि पाठीवर रंगाची रेघ उमटली. कुर्त्यावर घालते, रेघ केसांखाली झाकली जाते.

सांगली

कौतुकात थोडा मिठाचा खडा टाकते. आईसाठी विणलेली शाल तिने आठवड्याभरातच परत दिली, कारण बांगड्या आणि मंगळसूत्राची वाटी सारखी जाळीत अडकत होती. मग त्याच लोकरीत मधला भाग साधा सुलट विणला आणि जाळी फक्त दोन्ही टोकांना, वीतभर घातली. प्रत्येक नमुना पुरा झाला की टाक्यांतून रंगीत दोरा ओवून ठेवते, म्हणजे पुढे टाका निसटला तरी दोऱ्यापर्यंतच उसवावे लागते. ही दुसरी शाल आई वापरते. पहिली माझ्याकडे आहे. मी बांगड्या घालत नाही.