प्रोसेसर बदलल्यापासून पीसीचा डिस्प्लेच येत नाही (बी४५० बोर्ड, रायझन)

अक्षरजुळणी, कराड:

नमस्कार मंडळी. माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांच्या स्मरणिका अशी कामं करते. रविवारपासून मुख्य पीसी बंद आहे आणि मला काही सुचेनासं झालंय, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

पीसी २०१९ च्या सुरुवातीला जुळवून घेतलेला. बी४५० चिपसेटचा बोर्ड, रायझन ३ २२००जी प्रोसेसर, ८ जीबीची एकच रॅम, एसएसडी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, मॉनिटरची केबल थेट बोर्डाच्या मागे लावलेली. कोरलमध्ये पाच-सहा फाइली उघडल्या की अडकायचा. तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची गर्दी सुरू होते, त्याआधी मशीन जरा दमदार करावं म्हणून रायझन ५ ५६०० आणि ८-८ जीबीच्या दोन नव्या रॅम आणल्या. दुकानदाराने फक्त सॉकेट (प्रोसेसर बसतो ती बोर्डावरची जागा) विचारलं. मी एएम४ सांगितलं, तो म्हणाला, बसेल. आणि बसलाही अगदी व्यवस्थित, सोनेरी त्रिकोणाची खूण जुळवली आणि आपसूक खाली गेला.

आता बटण दाबलं की सगळे पंखे फिरतात, कॅबिनेटचा दिवा लागतो, मॉनिटर मात्र 'नो सिग्नल' दाखवून झोपतो. बीप नाही. कीबोर्डवर नमलॉक दाबलं तरी त्याचा दिवा लागत नाही. बोर्डावर रॅमच्या शेजारी चार बारीक दिवे आहेत, त्यातला 'सीपीयू' लिहिलेला लाल दिवा लागून राहतो.

एक गोष्ट सांगायलाच हवी. जुना हीटसिंक काढताना पेस्ट इतकी वाळली होती, की चार स्क्रू काढून हीटसिंक उचलला तर प्रोसेसरही त्याला चिकटून सॉकेटमधून उपसून आला. सॉकेटची दांडी खालीच होती. करकन आवाज आला आणि माझ्या पोटात गोळाच आला. बोर्ड गेला असेल का? एका शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, ४८ पानं, त्या एसएसडीवर आहे. बॅकअप आठवड्यापूर्वीचा.

बारा व्होल्ट:

ताई, आधी सोप्या गोष्टी. प्रोसेसरजवळची ८ पिनांची केबल लावली आहे ना? हीटसिंक काढताना ती हमखास सैल होते, आणि ती नसली तरी पंखे फिरतातच. दोन्ही नव्या रॅम काढून जुनी एकच लावा, प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये, टक् आवाज येईपर्यंत दाबून. मग मेन स्विच बंद करून सीमॉसचा (बोर्डाच्या सेटिंग जपणारा) गोल सेल पाच मिनिटं काढून ठेवा. एसएसडी काढून बाजूला ठेवली तरी चालेल. डिस्प्ले येण्याशी तिचा संबंध नाही, आणि स्मरणिकेची काळजीही मिटेल.

अक्षरजुळणी, कराड:

दादा, सगळं केलं. ८ पिनांची केबल नीट बसलेली आहे. जुनी रॅम लावून पाहिली, सेल काढून परत घातला. फरक शून्य, तोच लाल दिवा. एसएसडी काढून मिस्टरांच्या लॅपटॉपला जोडली आणि स्मरणिकेची फाइल उघडली. रात्री जरा झोप तरी लागेल.

मिस्त्री, नाशिक:

ताई, स्मरणिका हाताशी आली हे सगळ्यात बरं झालं. आता घाई करू नका. तुम्ही दिलेल्या माहितीवरून बोर्ड गेलेला वाटत नाही. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, १३३१ पिना. सॉकेटमध्ये नुसती भोकं. त्यामुळे प्रोसेसर असा उपसून आला तर मार बहुतेक प्रोसेसरच्या पिनांना बसतो, सॉकेट वाचतं. माझ्या टेबलावर असे बरेच आलेत.

खरी गोम बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या मूळ प्रोग्राममध्ये दिसते. तुमचा बोर्ड २०१९ च्या सुरुवातीचा, म्हणजे त्यातला बायोस फार तर २०१८ च्या शेवटचा. रायझन ५००० ची मालिका आली नोव्हेंबर २०२० मध्ये आणि ५६०० तर एप्रिल २०२२ चा. मुळात ४०० मालिकेच्या बोर्डांवर (तुमचा बी४५० त्यातलाच) हे प्रोसेसर चालणारच नाहीत असं रायझन बनवणाऱ्या एएमडीने मे २०२० मध्ये जाहीर केलं होतं. लोकांनी ओरड केल्यावर त्याच महिन्यात निर्णय फिरवला, आणि मग बी४५० साठी बायोसच्या नव्या आवृत्त्या आल्या. सॉकेट तेच राहिलं म्हणून प्रोसेसर बसतो, पण बोर्डाला त्याची ओळखच नाही.

बीपसुद्धा का येत नाही ते सांगतो, कारण इथेच माणूस घाबरून बोर्ड भंगारात देतो. रायझनच्या आत मुख्य कोरांखेरीज (खरं काम करणारे भाग) एक छोटा एआरएम प्रोसेसर असतो. बटण दाबल्यावर पहिला तो जागा होतो, बोर्डावरच्या बायोस चिपमधून स्वतःपुरता कोड वाचतो, रॅम तयार करतो आणि मग मोठ्या कोरांना सोडतो. त्या चिपमध्ये तुमच्या प्रोसेसरसाठीचा कोडच नसेल तर मोठे कोर सुरूच होत नाहीत. बीप वाजवायला, नमलॉकचा दिवा लावायला, कीबोर्डकडे बघायलासुद्धा तिथे कोणी नाही. रॅम बदला, सेल काढा, काही उपयोग होणार नाही.

उपाय असा. जुना २२००जी परत लावा आणि त्याच्यावर मशीन चालू करून बायोस अपडेट करा. बोर्डाच्या मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर जुन्या प्रोसेसरचीही गरज नाही, पण ते सगळ्या बोर्डांना नसतं. बोर्डाचं पूर्ण नाव आणि रिव्हिजन नंबर बोर्डावरच छापलेला असतो, तो टॉर्च मारून वाचा. त्याच नंबरची फाइल कंपनीच्या साइटवरून घ्या, सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या बोर्डाची अजिबात नको. तिथे प्रोसेसरची सपोर्ट लिस्ट असते, ५६०० समोर किमान कुठली आवृत्ती लागते ते लिहिलेलं असतं. फाइलीखालची सूचनाही वाचा, काही बोर्डांना आधी मधली एक आवृत्ती टाकावी लागते. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा.

आणि ताई, यूपीएसवर असल्याशिवाय हे करू नका. बायोस लिहिला जात असताना लाइट गेली तर मात्र बोर्ड खरंच मुका होतो.

लावण्याआधी जुन्या प्रोसेसरच्या पिना उजेडात आडव्या धरून बघा. रांगा शेतातल्या सरींसारख्या सरळ दिसायला हव्यात. एखादी वाकलेली असेल तर पेनपेन्सिलीतलं शिसं काढून तिचं पोकळ टोक पिनेवर घाला आणि अगदी हळू उभी करा. एकदाच, मागे-पुढे करत बसू नका, तुटते.

सह्याद्री८७:

वरचं सगळं बरोबर आहे, पण एक गोष्ट सुटतेय. २२००जी मध्ये ग्राफिक्स आत होतं, तो 'जी' त्यासाठीच. नुसत्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही. ताईंकडे वेगळं कार्ड नाही आणि केबल बोर्डाला लावलेली आहे. बायोस अपडेट झाला तरी स्क्रीन काळीच राहणार.

मिस्त्री, नाशिक:

अगदी खरं, माझ्या नजरेतून सुटलं. म्हणजे ताईंच्या मशीनला दोन दुखणी आहेत, एकामागे एक लपलेली. ताई, बायोस अपडेट तरीही करायचाच आहे. त्यानंतर ५६०० लावून नमलॉक दाबा. दिवा लागला-विझला तर मशीन उठलं, फक्त डोळे नाहीत असं समजा. मग एक तर साधं ग्राफिक्स कार्ड घ्या किंवा दुकानदाराकडून ५६००जी बदलून घ्या. पत्रिका-स्मरणिकांच्या कामाला ५६००जी भरपूर होतो.

अक्षरजुळणी, कराड:

आज दिवसभर हेच केलं, जसं घडलं तसं लिहिते.

जुन्या प्रोसेसरच्या एका कोपऱ्यात तीन पिना वाकलेल्या होत्या. दोन थोड्याशा, एक जवळजवळ आडवी. मुलीच्या दप्तरातली पेनपेन्सिल घेतली. खिडकीशी बसून, श्वास रोखून एकेक उभी केली. आडव्या पिनेला दहा मिनिटं लागली. सॉकेटवर ठेवला तेव्हा पहिल्यांदा एक कोपरा वर राहिला, तेव्हा दाबला नाही. परत काढला, परत पाहिलं, एक पीन अजून केसभर कलती होती. दुसऱ्या वेळी आपल्या वजनानेच खाली बसला.

चालू केला आणि डिस्प्ले आला! बायोसची तारीख डिसेंबर २०१८ निघाली. आमच्याकडे सोमवारी दुरुस्तीला लाइट जाते, म्हणून ती येऊन तासभर स्थिर होऊ दिली आणि यूपीएसची बॅटरी भरल्यावरच अपडेटला हात घातला. साइटवर खरंच मधल्या आवृत्तीची सूचना होती, त्यामुळे दोनदा करावं लागलं. टक्केवारीची ती पट्टी सरकत असताना मी खुर्चीवरून उठले नाही.

हीटसिंक काढताना या वेळी पेस्ट ओली होती, तरी डावी-उजवीकडे फिरवून मगच उचलला. ५६०० लावला. स्क्रीन काळी, पण सीपीयूचा लाल दिवा विझला आणि 'व्हीजीए' (ग्राफिक्स) लिहिलेला लागला. नमलॉक दाबलं, दिवा लागला. परत दाबलं, विझला. मिस्टरांना हाक मारून दाखवलं.

संध्याकाळी प्रोसेसर घेऊन दुकानात गेले. खोक्यासकट होता म्हणून त्याने ५६००जी बदलून दिला, फरकाचे पैसे थोडेच लागले. तो लावला, डिस्प्ले आला. पण आता काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत मजकूर आलाय. नवीन प्रोसेसर बसवलाय, एफटीपीएम रीसेट करायचं असेल तर वाय दाबा, नाहीतर एन. बिटलॉकरबद्दलही काही लिहिलंय. मी काहीच दाबलं नाही, तसाच ठेवून हे मोबाइलवरून लिहितेय.

मिस्त्री, नाशिक:

थांबलात हे फार चांगलं केलंत. आत्ता एन दाबा. प्रोसेसरमध्ये एफटीपीएम नावाची एक कुलूपपेटी असते, विंडोजने डिस्कला बिटलॉकर हे कुलूप लावलेलं असेल तर त्याची किल्ली तिथे ठेवलेली असते. नव्या प्रोसेसरची पेटी वेगळी. वाय दाबलं की जुनी नोंद पुसली जाते, आणि रिकव्हरी की जवळ नसेल तर डिस्क उघडत नाही. तुमची एसएसडी लॅपटॉपवर काही न विचारता उघडली, म्हणजे बिटलॉकर नसणारच. तरी विंडोजमध्ये जाऊन ड्राइव्हच्या चित्रावर कुलूप नाही ना ते पाहा. नसेल तर पुढच्या वेळी बिनधास्त वाय दाबा, म्हणजे हा संदेश परत येणार नाही. मग बंद करून नव्या दोन्ही रॅम लावा, प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. जुनी त्यांच्यात मिसळू नका.

अक्षरजुळणी, कराड:

एन दाबलं, विंडोज आलं. कुलूप नाही. मग वाय. रॅम १६ जीबी दाखवतोय. स्मरणिकेची ४८ पानं आणि शेजारी चार पत्रिका उघडून ठेवल्यात, पानं सरसर उलटतायत. मिस्त्रीदादा आणि सह्याद्री८७, तुम्ही दोघांनी माझा बोर्ड वाचवला. जुना २२००जी प्लास्टिकच्या डबीत पिना वर करून ठेवलाय. दुकानातल्या दुसऱ्या मशीनला, बिलांच्या, तो लावता येईल का? तो बोर्ड ए३२० चिपसेटचा आहे.

मिस्त्री, नाशिक:

ए३२० ला २२००जी चालतो, पण त्याचाही बायोस आधी बघा. बोर्ड २०१७ चा असेल तर २२००जी त्याच्या नंतरचा आहे, फेब्रुवारी २०१८ चा. सपोर्ट लिस्ट उघडा आणि आवृत्ती इथे लिहा, मग सांगतो.