सव्वादोन वर्षांच्या मुलीचा निखळलेला खुबा: मांडीचं हाड कशाला कापायचं?

डिचोलीकर:
मुलीचा डावा खुबा जन्मापासूनच निखळलेला, लंगडायला लागल्यावर कळलं. डॉक्टर म्हणतात सांधा उघडून बसवायचा, साल्टर (वाटीवरचं कमरेचं हाड कापून वाटी झुकवणं) करायचं आणि मांडीचं हाडही थोडं कमी करायचं, सगळं एकदमच. पाय आधीच आखूड दिसतोय, तो आणखी कापायचा? तारीख जुलैची आहे. भर पावसात पोटापासून पायापर्यंतचं प्लास्टर नको, चवथीनंतर करू का?

हाडांचा हिशेब:
पाय आखूड दिसतो तो गोळा (मांडीच्या हाडाचं वरचं गोल टोक) वाटीतून, म्हणजे कमरेच्या हाडातल्या त्याच्या खोबणीतून, निघून वर चढून बसलाय म्हणून. भोवतालचे स्नायूही आखडलेत. गोळा नुसता ओढून वाटीत बसवला तर तिथे सतत दाबाखाली राहतो, रक्तपुरवठा तुटतो आणि गोळ्याचं हाड मरतं. या ऑपरेशनात सगळ्यांत जास्त भीती याचीच. म्हणून खुब्याखाली हाड कापतात, गोळा वाटीत बसल्यावर दोन टोकं जेवढी एकमेकांवर चढतात तेवढाच तुकडा काढतात (साधारण १ ते २ सेंमी) आणि प्लेट लावतात. हाडाचा पीळही त्याच कापात सुधारता येतो. लांबीतला फरक पुढे वाढीत बराचसा भरून निघतो.

प्लास्टररूम:
हाड कापलं तरी वाटीतली अडगळ राहिली तर गोळा पुन्हा बाहेर येतो. आतली चरबी, गोळ्याला वाटीशी जोडणारा लांबलेला लिगामेंट, वाटीच्या तळाचा आडवा बंध, सोअसचा (मांडी वर उचलणाऱ्या स्नायूचा) आवळलेला कंडरा, हे सगळं मोकळं करावं लागतं, शिवाय सांध्याची सैल पिशवी घट्ट शिवावी लागते. साल्टरमध्ये वाटीच्या वर कमरेचं हाड आरपार कापून खालचा भाग पुढे-बाहेर झुकवतात, फटीत त्याच हाडाच्या कडेचा त्रिकोणी तुकडा बसवतात आणि तारांनी पक्का करतात. प्लास्टरमध्ये गोळा मागे सरकला तर समोरून काढलेल्या एक्स-रेत ते नजरेतून सुटू शकतं. सीटी किंवा एमआरआय करणार का, हे विचाराच.

वाळपईची सिस्टर:
चवथीला काय ऊन पडतं? साल्टरचं वय साधारण दीड ते सहा वर्षं, म्हणजे वेळ टळलेली नाही, पण थांबून फायदाही नाही. फायबरग्लासचं प्लास्टर लवकर कडक होतं, खरा शत्रू लघवी. लहान मापाचा डायपर कडांच्या आत खोचा, वरून मोठा बांधा, दर दोन-तीन तासांनी बघा, रात्रीसुद्धा. निजवताना डोक्याची बाजू थोडी उंच ठेवा, म्हणजे ओल पाठीकडे चढत नाही. आत पावडर, तेल नको. ओलं झालंच तर पंखा किंवा ड्रायरची थंड हवा, गरम नको, कातडी भाजते. पायाचं बोट दाबून सोडलं की २ सेकंदांत लाली परत यायला हवी. पोट फुगून सारख्या उलट्या झाल्या तर लगेच हॉस्पिटल गाठा. आणि प्लास्टरच्या दोन पायांमधली दांडी धरून मुलीला उचलू नका!

डिचोलीकर:
प्लास्टर किती दिवस?

हाडांचा हिशेब:
बहुधा ६ आठवडे, काही सर्जन १२ ठेवतात. प्लास्टर निघाल्यावर हाडं ठिसूळ झालेली असतात, पाय जोराने वाकवला तर मोडूही शकतो. तेल लावून चोळणाऱ्या आज्यांना आवरा, पोर आपली आपण उभी राहील.