लेक १२ ची, एडिनबराची भुतं आणि उशीखालचा आरसा

रिमझिम:
मंडळी एक सल्ला हवाय. लेकीला वाढदिवसाला मामाने व्हिक्टोरिया श्वाबचं 'सिटी ऑफ घोस्ट्स' दिलं, रोज रात्री आम्ही दोघी वाचतो, म्हणजे ती मोठ्याने वाचते आणि मी कपड्यांच्या घड्या घालत ऐकते. त्यातली कॅसिडी बुडता बुडता वाचलेली म्हणून तिला भुतं दिसतात, जिवलग दोस्तच भूत, आईबाबा भुतांवरचा टीव्ही शो शूट करायला तिला स्कॉटलंडमधल्या एडिनबराला घेऊन जातात वगैरे. मजा येतेय खरं तर. पण काल बघते तर माझी आरशाची पावडरची डबी हिच्या उशीखाली! का तर भूत आलं तर त्याला आरसा दाखवायचा, पुस्तकात तसंच करतात म्हणे. हसू पण आलं आणि टेन्शन पण. पुस्तक थांबवू का? आणि पुस्तकातल्या त्या मेरी किंग्ज क्लोज, ग्रेफ्रायर्स वगैरे जागा खरंच आहेत का? ती रोज विचारते आणि मी आपलं "असेल गं" म्हणते.

उत्तरेचा_वारा:
अज्जिबात थांबवू नका, अर्धवट सोडलेली भुताची गोष्ट जास्त छळते. मी शिकायला वर्षभर होते तिथे, सगळं खरं आहे, म्हणजे जागा खऱ्या. क्लोज म्हणजे आपला बोळ. जुनं शहर एका लांबट टेकडीच्या पाठीवर वसलंय, वरच्या टोकाला किल्ला, खालच्या टोकाला राजवाडा, मधे रॉयल माइल नावाचा मुख्य रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांनी माशाच्या काट्यांसारखे बोळ खाली उतरतात. मेरी किंग पण खरी बाई, १७ व्या शतकातली, नवरा गेल्यावर कापडाचा धंदा करायची. १७५३ ला तिथे रॉयल एक्स्चेंज ही व्यापाऱ्यांची इमारत बांधायला घेतली तेव्हा बोळातल्या घरांचे वरचे मजले पाडले आणि खालचे नव्या इमारतीचा पाया म्हणून तसेच ठेवून दिले. आता वर नगरपालिका भरते आणि खाली अख्खा बोळ, उतारासकट! एका खोलीत बाहुल्यांचा ढीग आहे, ९२ साली एका जपानी बाईला तिथे ॲनी नावाची मुलगी जाणवली म्हणे, तेव्हापासून लोक तिच्यासाठी बाहुल्या ठेवून जातात. भूत नाही दिसलं मला, पण तो ढीग बघून पोटात कालवलं.

खवट_काका:
बाहुल्या ठीक आहेत पण प्लेगच्या रोग्यांना त्या बोळात जिवंत चिणलं ही थाप कोणी सांगितली तर मान डोलावू नका. १६४५ चा प्लेग खरा, भयंकर होता, पण घरात कोंडलेल्यांना अन्न पोचवत होते आणि जॉर्ज रे नावाचा डॉक्टर गाठी कापून डागण्या द्यायचा. त्याला शहराने भरघोस पगार कबूल केला होता, गडी प्लेगमधून वाचला आणि मग त्या पैशांसाठी वर्षानुवर्षं खेटे घालत बसला. सरकारी काम, अजून काय.

दुसरं, ग्रेफ्रायर्सच्या स्मशानात काही थडग्यांवर लोखंडी पिंजरे आहेत. ते भूत बाहेर येऊ नये म्हणून नाहीत हो, चोर आत जाऊ नये म्हणून! मेडिकलच्या पोरांना चिरफाडीला प्रेतं कमी पडायची, चोरून विकली तर पैसा मिळायचा. बर्क आणि हेअर ही तिथली कुप्रसिद्ध जोडी थडगी उकरायची असं लोक ठोकून देतात, ते चूक, त्यांनी तेवढे पण कष्ट घेतले नाहीत, १८२८ मधे सरळ १६ खून पाडून प्रेतं विकली. बर्क फासावर गेला, सांगाडा अजून तिथल्या विद्यापीठात आहे. (हे लेकीला झोपताना सांगू नका.)

पेठेतला:
आमचं लहानपण शनिवारवाड्यामागे गेलं, "काका मला वाचवा" ऐकत झोपायचो. नारायणराव गेले १७७३ ला आणि अमावास्येला गच्चीवर जायची टाप नव्हती आमची १९८५ ला. काही होत नाही पोरांना. डबी राहू द्या उशीखाली.

रिमझिम:
धन्यवाद सगळ्यांना! काका तुमचं पिंजऱ्याचं सांगितलं तिला. मला वाटलं भीती जाईल, तर पाच मिनिटं गप्प बसली आणि मग "आई, म्हणजे भुतंच घाबरायची माणसांना?" आज दोन चॅप्टर जास्तीचे झाले. डबी अजून उशीखालीच आहे, झाकण उघडं राहिलं आणि पावडर सगळी चादरीवर.