जुना रीळवाला कॅमेरा घेतोय, बुरशीबद्दल मदत हवी आहे

मंडळी, मालवणात ओळखीच्या एका काकांकडे ऑलिम्पस ट्रिप ३५ आहे, ते द्यायला तयार आहेत आणि मला तो मनापासून हवाय. सेलबिल काही लागत नाही, लेन्सभोवतीच्या सेलेनियमच्या कड्यावरच उजेड मोजणारा मीटर चालतो. 'ए'वर (म्हणजे ऑटोवर) ठेवून लेन्स हाताने झाकली नि बटण दाबलं तर आत लाल पट्टी वर आली आणि शटर अडलं, पण मीटर मेलेला असला तरी असंच होतं, मग तो जिवंत आहे का आणि रीडिंग बरोबर देतो का ते रीळ न घालता कसं बघायचं?

खरी काळजी लेन्सची. टॉर्च मारला की आत कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात, चामड्याच्या केससकट कपाटात पडून होता ना इतकी वर्षं. पुसून जाईल की कोटिंगच खाल्लं असेल? मागच्या झाकणाचा फोमपण चिकट होऊन बोटाला लागतो, त्याजागी काळी लोकर चालते का?

आणि आपल्याकडचा पावसाळा, त्यात लाईट सारखी जाते, मग इलेक्ट्रिक ड्राय कॅबिनेट घ्यावं की हवाबंद डबा आणि सिलिका जेल पुरे? सिंधुदुर्ग-रत्नागिरीत कोणी दुरुस्त करणारं असेल तर प्लीज सांगा, काकांना रविवारपर्यंत कळवायचंय.