पहिली पेडल स्टील घेताना: नॅशव्हिलची ठरलेली मांडणी की आपली स्वतःची?

दहातारी (डॅलस)
मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात पेडल स्टील वाजवली, तेव्हापासून तिघांनी एकच प्रश्न विचारला आहे: हे वाद्य घ्यायचं तर तारा कशा लावलेलं, किती पेडलं आणि किती लीव्हर असलेलं घ्यावं? माझं मत ठाम आहे. दहा तारांची, ई-९ या नॅशव्हिलच्या कंट्री मांडणीत लावलेली, तीन पेडलं, चार किंवा पाच लीव्हर, आणि पेडलांचा क्रम एमन्स पद्धतीचा (डावीकडून ए, बी, सी). पहिली तीन वर्षं त्यात काडीचाही बदल करू नये.

ज्यांनी वाद्य पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं. गिटार टेबलासारखी चार पायांवर उभी असते. डाव्या हातात स्टीलचा बार, उजव्या हाताच्या बोटांत नख्या, डावं पाऊल पेडलांवर, उजवं व्हॉल्यूमवर, आणि लीव्हर ढकलायला दोन्ही गुडघे. ई हा षड्ज धरला तर पहिल्या तारेपासून दहावीपर्यंत स्वर असे येतात: रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. ए पेडल दोन्ही पंचमांना धैवतावर नेतं. बी पेडल दोन्ही गंधारांना मध्यमावर. सी पेडल वरच्या सा ला रे करतं आणि शेजारच्या प ला ध. एक लीव्हर दोन्ही सा अर्ध्या स्वराने चढवतो, दुसरा तेवढेच उतरवतो, तिसरा दुसऱ्या आणि नवव्या तारेचे निषाद खाली आणतो.

हे कुणी एका बैठकीत कागदावर आखलेलं नाही. कंट्री गायक वेब पीअर्सचं ‘स्लोली’ हे गाणं १९५४ मध्ये गाजलं. त्यात बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पेडल दाबलं आणि स्वर सरकताना ऐकू आला. तेव्हा एकाच पेडलाने पंचम आणि गंधार दोन्ही हलायचे; बडी एमन्स आणि जिमी डे यांच्या पिढीने त्याची दोन पेडलं केली. पहिल्या दोन तारा एमन्सनी १९६२ मध्ये जोडल्या. तिसरीपेक्षा खालच्या स्वराच्या असल्याने त्या आधी विचित्र वाटतात, पण त्यांच्यामुळेच बार न हलवता सलग सप्तक हाताशी येतं. इतक्या वादकांनी रोज घासून गुळगुळीत केलेली वाट नवशिक्याने का सोडावी?

मी सोडली होती. माझी पहिली गिटार वापरलेली होती आणि आधीच्या मालकाने सा चढवणारा लीव्हर उजव्या गुडघ्याला बसवला होता. ‘काय फरक पडतो’ म्हणून मी तशीच दोन वर्षं शिकलो. मग एका जॅममध्ये दुसऱ्याच्या गिटारीवर बसलो आणि प्रत्येक ओळीत गुडघा चुकीच्या बाजूला गेला. ती सवय मोडायला आठ महिने लागले.

मांडीवरची (पुणे)
पूर्ण असहमत. मी वीस वर्षं हवाईयन गिटार मांडीवर घेऊन वाजवतोय, आता पेडल स्टील घ्यायच्या विचारात आहे, म्हणून हा प्रश्न माझ्या जिवाचा आहे.

तुम्ही सांगितलेल्या मांडणीचा गाभा काय? ए आणि बी एकत्र दाबले की सा-ग-प चं म-ध-सा होतं. म्हणजे एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाणं. कंट्री गाण्याचा तो प्राण आहे, मान्य. पण मला यमन वाजवायचा आहे, भावगीत वाजवायचं आहे. तिथे ही सोय माझ्या काय कामाची? आणि खर्ज कुठे आहे? तुमची दहावी तार मंद्र पंचमावर थांबते. त्याखाली काहीच नाही! आलापीत मंद्रात उतरायचं म्हटलं की पायाखालची जमीनच संपते.

आपल्याकडे हवाईयन गिटारीवर राग वाजवताना ब्रिजभूषण काब्रांनी हवाईची मांडणी जशीच्या तशी ठेवली नाही. विश्वमोहन भट्टांनी चिकारी आणि तरफेच्या तारा चढवल्या, देबाशिष भट्टाचार्यांनी स्वतःची चतुरंगी घडवली. तेव्हा त्यांनाही कुणी सांगितलं असेलच की आधी ठरलेलं शिका. अमेरिकेतही स्नीकी पीट क्लाइनाउ आठ तारांच्या फेंडर पेडल स्टीलवर बी-६ ही वेगळी मांडणी लावून वाजवत राहिले, आणि त्यांचा आवाज दोन सुरांत ओळखू येतो.

दहातारी
काब्रा, भट्ट, भट्टाचार्य यांनी वाद्य बदललं ते आधी राग-संगीत अंगात मुरल्यावर. नवशिक्याला त्यांचं उदाहरण लागू होत नाही. खर्जाचा मुद्दा मात्र खरा आहे. त्यावर उत्तर सी-६ ही दुसरी मांडणी आहे. त्याची दहावी तार थेट खाली सी वर जाते. पण एकाच गिटारीवर ई-९ आणि सी-६ असे दोन्ही गळे हवे असतील तर केससकट तीस किलोच्या आसपासचं ओझं उचलायची तयारी ठेवा.

घोटा_आणि_गुडघा
तुम्ही दोघे स्वरांवर भांडताय आणि शरीर विसरताय. दादा, ‘एमन्स क्रमच घ्या’ हे वाक्य मला अजिबात पटलं नाही.

एमन्समध्ये डावीकडून ए-बी-सी, डे पद्धतीत सी-बी-ए. एकटं ए दाबून धरायचं तर एमन्समध्ये पाऊल डावीकडे कलंडतं, डेमध्ये उजवीकडे. माझा डावा घोटा लहानपणी मोडला होता, तो बाहेरच्या बाजूला वळत नाही. दीड वर्ष एमन्सवर रेटलं, रात्री पाय शेकत बसायचे. डे केलं आणि पहिल्याच आठवड्यात ए पेडलावरचा स्वर हवा तिथे थांबायला लागला. बहुतेक डे वादक डाव्या गुडघ्याचे लीव्हरही उलटे ठेवतात आणि त्यामागे साधं कारण आहे: पाऊल ए वर असताना गुडघा ज्या बाजूला झुकतो, त्याच बाजूला सा चढवणारा लीव्हर हवा, कारण ते दोघं सतत एकत्र लागतात. म्हणून विकत घेण्याआधी खुर्चीवर बसा, पेडलांच्या जागी तीन वह्या शेजारी-शेजारी ठेवा, पाऊल दोन्हीकडे कलंडवून बघा. जिथे दुखत नाही तो तुमचा क्रम. यात तीन वर्षं थांबण्यासारखं काहीही नाही.

मांडीवरची
ताई, +१. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

श्रुतीपेटी
लीव्हर कुठे असावा यापेक्षा तो तारेला नेमका कुठे नेऊन सोडतो, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ट्यूनरवर काटा मधोमध आणून ही गिटार लावली तर गंधार टोचतो. कीबोर्डच्या समान सप्तकात तो षड्जापासून ४०० सेंटवर असतो (१०० सेंट म्हणजे अर्धा स्वर), कानाला हवा असतो ३८६ वर. तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार तोच. म्हणून बहुतेक वादक तिसरी आणि सहावी तार मुद्दाम उतरवून लावतात.

खरी अडचण ऋषभाची आहे आणि आपल्या वाचकांना ती अमेरिकन वादकांपेक्षा लवकर कळेल. सातव्या तारेचा रे पंचमाशी जुळवला तर तो २०४ सेंटवर बसतो. पण ए आणि बी दाबून त्याच रे सोबत म आणि ध वाजवा: आता तो १८२ वर हवा. फरक २२ सेंटचा, म्हणजे चतुःश्रुती आणि त्रिश्रुती ऋषभातला. एका तारेवर दोन्ही मावत नाहीत. कुणी मधला स्वर धरतं, कुणी पेडलाबरोबर ती तार किंचित उतरेल अशी जास्तीची सळी बसवतं. शिवाय पेडल दाबलं की गिटारीचं अंग थोडं वाकतं आणि न हललेला सा सुद्धा काही सेंट उतरतो. सगळं आधी लक्षात घेऊनच तारा लावाव्या लागतात.

मग ‘ठरलेली मांडणी घ्या’ म्हणजे नक्की कोणती? तक्ता एकच असला तरी प्रत्येक वादकाचा ऋषभ वेगळा असतो.

दहातारी
इथे मी थोडा मागे येतो. गंधार मीही उतरवतो. पण कीबोर्डबरोबर वाजवताना १४ सेंट उतरवलेला गंधार खटकतो, म्हणून मी सात-आठवर थांबतो आणि उरलेलं बारने भागवतो. घोट्याबद्दल ताईंचं म्हणणं पूर्ण मान्य. माझ्या मूळ वाक्यातून ‘एमन्स’ काढून टाका.

बाकीचं मात्र सोडत नाही. तीन ठिकाणी सा-ग-प मिळणं (मोकळं, तीन घरं वर ए आणि सा चढवणारा लीव्हर, सात घरं वर ए-बी) हा या वाद्याचा नकाशा आहे. तो पायात बसण्याआधी सळ्या हलवल्या तर बिघाड यंत्रात आहे की आपल्या हातात, तेच कळत नाही.

मांडीवरची
नकाशा शिकायला माझी ना नाही. पण खर्जाशिवाय मी राहू शकत नाही, हे तीन वर्षांनीही बदलणार नाही. म्हणून बारा तारांची युनिव्हर्सल घेतोय. वरची मांडणी तुमच्या ई-९ सारखीच, खाली जाड तारा, आणि सा उतरवणारा लीव्हर अडकवून ठेवला की सगळी गिटार बी-६ होते. पेडलं डे क्रमाने. काल तीन वह्या ठेवून बघितल्या.

श्रुतीपेटी
बारा तारांवर अंग जास्त वाकू शकतं. घेण्याआधी ए-बी दाबून चौथी आणि आठवी तार ट्यूनरवर बघा. सा पाच सेंटपेक्षा जास्त उतरत असेल तर ती गिटार सोडा.

दहातारी
आणि तिसऱ्या तारेचे, ०.०११ इंचाचे, अर्धा डझन सुटे तुकडे बरोबरच मागवा. सर्वांत बारीक आणि सर्वांत ताणलेली तीच असते, पहिल्या महिन्यातच तुटेल.